रिकामा रकाना

सोमवार, ४

बावन्नाव्या वर्षी पुन्हा नवं दप्तर! आज नोकरीचा पहिला दिवस. सत्तावीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली, मग कंबरेनं असहकार पुकारला आणि लेकीनं माझ्यापुढे लॅपटॉप आणून ठेवला. दहा महिने डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स केला. वर्गात सगळ्यांत म्हातारी मीच. ह्यांनी चिडवलं, की आजवर लोकांना सुया टोचल्यास, आता बटणं टोच. टोचली, आणि नोकरी लागली की!

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. टेबल खिडकीशी, खुर्ची गोल फिरणारी. कुणी बघत नाही असं पाहून एक गिरकी घेतली. मॅडम माझ्या लेकीहून जेमतेम आठ वर्षांनी मोठ्या, पण मी त्यांना मॅडम म्हणते आणि त्या मला सिस्टर. घरी आले तर लेकीनं जेवायचं टेबल मांडून ठेवलं होतं. तीन ताटं, मधे फुलं. कपाटाजवळची खुर्ची तिची, ती मात्र आजही मला दिली नाही.

बुधवार, ६

काम समजलं. शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी घरोघरची माहिती नीट करायची. एका घराची एक ओळ: घर क्रमांक, खोल्या, नळ, रोजचं पाणी, माणसं. नळांचा आकडा नसेल तर आसपासच्या घरांची सरासरी काढून भरायची. दर शुक्रवारी तीन वाजता फाइल पुढे जाते आणि सोमवारी नऊपर्यंत कुलूपबंद.

फक्त ‘माणसं’ हा रकाना रिकामा असेल तर रिकामाच ठेवायचा. का, म्हणून विचारलं. मॅडम म्हणाल्या, की जुना नियम आहे, पाळायचा. हे काही मला पटलं नाही. रुग्णाच्या तक्त्यात चौकट रिकामी राहिली म्हणून मेट्रननं मला सगळ्या वॉर्डासमोर झापलं होतं. लिहिलं नाही म्हणजे केलं नाही, असं बजावलं होतं. तेव्हापासून रिकामी चौकट दिसली की माझे हात शिवशिवतात.

शुक्रवार, ८

भरले! दोनशे बारा रकाने, सगळे एका फटक्यात. सरासरी चार आली, तीच सगळीकडे. मॅडमना सांगितलं नाही. काम आपलं आपण बोलेल. तीनला फाइल गेली.

शनिवार, ९

समोरचं घर दोन वर्षं बंद आहे. आज सकाळी त्याच्या दाराबाहेर चपलांचे चार जोड होते. चारही एकाच मापाचे. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, की ती मंडळी पहिल्यापासून तिथेच राहतात, तुला आता कुठे शेजारी दिसायला लागले.

रविवार, १०

लेकीनं चार ताटं मांडली. कुणी येणार आहे का, म्हणून विचारलं. ती हसली आणि म्हणाली, की आई, नोकरी लागल्यापासून तू घरच्यांना विसरलीस.

चौथ्या ताटातलं अन्न संपलं. मी पाणी आणायला उठले होते, तेवढ्यात.

मंगळवार, १२

आता ते दिसतं. ना उंच ना बुटकं, ना तरुण ना म्हातारं. चेहरा समोर असतो तोवर असतो, मान वळवली की काही आठवत नाही. हे त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतात. लेक त्याला टॉवेल देते. मी सत्तावीस वर्षांत नाही नाही ते पाहिलं, मढ्यांच्या शेजारी बसून डबा खाल्लाय. पण ह्याच्या शेजारी ताट घेऊन मला बसवलं नाही.

नाडी बघायच्या निमित्तानं मनगट धरलं. मिनिटाला बहात्तर. मग माझी चढत गेली तशी त्याचीही चढत गेली.

गुरुवार, १४

सापडलं. दोनशे बारांत आमचंही घर आहे. पाणीपुरवठ्याच्या फॉर्मात ह्यांनी आळस करून माणसांचा आकडा भरलाच नव्हता. आमच्या ओळीत ‘माणसं’: चार. मी भरलेलं.

म्हणजे मीच आणलं त्याला.

शुक्रवार, १५

दुपारी आधी आमची ओळ उघडली. चार खोडून तीन लिहिलं. तीनला फाइल गेली. जीव भांड्यात पडला. मग मॅडमना सगळं सांगितलं.

त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. म्हणाल्या, की सिस्टर, तीन कशाला लिहिलंत, नुसतं रिकामं करायचं होतं! रिकामं केलं की जसं होतं तसं होतं. आकडा लिहिला की तेवढीच माणसं उरतात. कोणती, ते आकड्यात नसतं.

घरी तीन ताटं. माझं, ह्यांचं. आणि कपाटाजवळच्या खुर्चीत ते बसलंय.

लेकीची खोली नाही. भिंत आहे. ह्यांना गदागदा हलवून विचारलं, तर म्हणाले, की आपल्याला मूल कुठे आहे.

सोमवारी नऊला रकाना रिकामा करायचा. तोवर विसरायचं नाही. माझी लेक एकोणीस वर्षांची. उजव्या भुवईवर व्रण, झोपाळ्यावरून पडली तेव्हाचा, टाके मी घातले. रागावली की मला ‘अहो सिस्टर’ म्हणते. तळहातावर पेनानं लिहून ठेवलंय: रिकामा कर.

शनिवार, १६

व्रण भुवईवर. उजव्या— की डाव्या? वर उजव्या लिहिलंय. उजव्या.

आवाज आठवत नाही. काल आठवत होता. हाका मारत फिरले, तर ते माझ्यामागून फिरलं. ओठ माझ्यासारखेच हलवत—

झोपायचं नाही.

रविवार, १७

डोळा लागला. किती वेळ, कुणास ठाऊक.

लेक. एकोणीस. भुवई. लेक. एकोणीस—

ते शेजारी बसून वाचतंय. मी लिहिते तसं

सोमवार, १८

बरं वाटतंय आज. ताप उतरल्यासारखं. वेळेवर ऑफिसला आले.

मॅडम दारातच वाट बघत होत्या. मला हाताला धरून टेबलापाशी नेलं, म्हणाल्या, की सिस्टर, आधी तुमची ओळ रिकामी करा, ज्यानं भरलं त्यालाच ते पुसता येतं. ओळ उघडली. ‘माणसं’: तीन. मी म्हटलं, बरोबर तर आहे, कशाला पुसायचं? त्या काकुळतीला आल्या. मी ठाम राहिले. भरलेला रकाना रिकामा करायचा? माझ्या हातून तरी नाही.

तळहातावर पेनानं काहीतरी खरडलेलं होतं. धुऊन टाकलं, जुन्या सवयीनं, पार कोपरापर्यंत.

मागची पानं चाळतेय. ‘लेक’ हा शब्द पुन्हा पुन्हा आलाय. अक्षर माझंच. कुणाची लेक? रडू मात्र का येतंय, कळत नाही. आमच्या घरात तर पहिल्यापासून तिघंच. मी, हे आणि