पहिली फेरी

अब्बा, तुमचाच नियम आज माझ्यावर उलटला, म्हणून लिहायला बसलोय. ज्यानं नट आवळला त्यानंच गाडीची पहिली फेरी मारायची, गिऱ्हाइकाच्या हातात गाडी त्यानंतर. हा नियम तुम्ही केलात तेव्हा इंदापूरच्या आपल्या गॅरेजात नट आवळणारे तुम्ही आणि मी असे दोघंच होतो. आता तिसरी आहे, माझी मुलगी. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. हट्टीपणा मात्र तिनं बरोबर तुमचाच उचललाय.

गाडी बारामतीच्या एका पोराची. सुट्टीच्या दिवशी दोस्तांबरोबर डोंगरातल्या दगडधोंड्यांतून फिरतो, म्हणून मागच्या चाकाला चेनचं मोठं, जास्त दात्यांचं स्पॉकेट घालून घेतलं होतं. चढाला गाडी छान ओढायची, पण हायवेला लागली की इंजिन नुसतं ओरडायचं आणि पळायच्या नावानं बोंब. आता त्याला कामासाठी रोज लांबचा पल्ला आहे. वडगाव निंबाळकरचे दूधवाले तुमच्याकडे हेच मागायचे, कॅन लादून शेतातून निघायचं तर मोठं, लांब जायचं तर लहान. आज पोरीनं एकटीनं लहान स्पॉकेट बसवलं, चेन कापून जोडली. मी वाकून चेनचं लॉक बघायला गेलो, तर बाईसाहेबांनी कव्हर बसवलंसुद्धा होतं.

“पप्पा, नट म्या आवळलाय. फेरी बी माझीच.”

“हायवेला उसाच्या ट्रॉल्या हायत.”

“त्या रोजच असत्यात.”

गेली. मला भीती वाटली, अब्बा, सरळ सांगतो. लॉक उलटं बसलं तर चेन उडते, चाकात अडकते, आणि त्या वेगात मागचं चाक जाम झालं तर माणूस कुठं जाऊन पडेल सांगता येत नाही. आणि हायवेचं स्पॉकेट तपासायचं तर वेगातच तपासावं लागतं. लिंबाखालची माझी जुनी गाडी काढली आणि सर्व्हिस रोडनं पुलापर्यंत गेलो. पुलाच्या कठड्याशी उभा आहे. समोरून जोडट्रॉली येते, तिच्यामागं टँकर, त्याच्यामागं कुणीच नाही. ती एव्हाना परतायला हवी. आणखी एक ट्रॉली जाते, उसाचं पाचट उडत माझ्या तोंडावर येतं. माझं वाईटसाईट सगळं मनात आणून झालंय. मग लांबून एकसारखा आवाज ऐकू येतो, कुठं खडखड नाही, कुठं झटका नाही. ती पलीकडच्या लेनवरून सुसाट निघून जाते, तिला पुढच्या वळणावरून फिरून यायचंय. उशीर का झाला ते नंतर कळलं. अर्ध्या वाटेत थांबून तिनं चेन पाहिली होती. तोही तुमचाच नियम.

मी तिच्या आधी परत आलो, गाडी होती तिथं लावली आणि स्टोव्हवर चहा ठेवला.

माझी पहिली फेरी अशीच होती. परत आलो तेव्हा तुम्ही ह्याच स्टोव्हपुढं पाठमोरे बसला होतात. मी आनंदात लिंबाखालच्या तुमच्या गाडीला टेकलो आणि पोटरी भाजली. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “नीट बघून हुबं ऱ्हाता येत न्हाय व्हय?” गाडी कशी चालली, एका शब्दानं विचारलं नाहीत. त्याचा राग मी तुम्ही गेल्यानंतरही बाळगला. पोटरीवरचा डाग अजून आहे.

आज पोरगी आली, हसत म्हणाली, “पप्पा, पाण्यावानी पळती गाडी,” आणि माझ्या गाडीला टेकली. लगेच पाय ओढून घेतला.

“ही तर सकाळधरनं सावलीत हाय. सायलेन्सर कसा तापला?”

मी चहाकडं बघत म्हणालो, “नीट बघून हुबं ऱ्हाता येत न्हाय व्हय?”

तोंडातून शब्द गेले आणि गाळणी हातातच राहिली. चहा उतू गेला. पोरगी पायाला पाणी लावायला आत गेली.

हे कुठं धाडायचं नाही. कबरस्तान जवळच आहे, पण तिथं उभं राहून बोलायला मला जमत नाही. तिलाही अजून काही सांगितलेलं नाही. मी पुलापर्यंत गेलो होतो, अब्बा. तुम्ही त्या दिवशी कुठपर्यंत आला होतात?