बेचाळीस ओळी

३ मार्च, सोमवार

जमलं एकदाचं! आता स्क्रिप्टच्या लायब्रऱ्या, म्हणजे प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या तयार फाइली, प्रत्येक मशीनवर वेगळ्या टाकत बसायला नको. सर्व्हरवर एकच सामायिक फोल्डर, सगळ्या ऑफिसची मशीनं तिथूनच उचलतात. कुणाला द्यायचं त्याची यादी माझ्याकडे — एका ओळीत एक मशीन. रेकॉर्डमधला गप्पू म्हणतो, "म्हणजे आमच्या नाड्या आता तुझ्या हातात!" कामापेक्षा याची जीभच जास्त चालते.

५ मार्च

नऊ नंबरचं मशीन सारखं अडकत होतं. अकरा वाजता यादीतून काढलं. पाच मिनिटांत तिथल्या टायपिस्टबाई जिन्यात कोसळल्या. डॉक्टर म्हणे, सगळं ठीक आहे, फक्त जाग येत नाही.

६ मार्च

नऊ नंबर दुरुस्त. तीन वाजून दहा मिनिटांनी परत यादीत घातलं. लगेच बाईंच्या मुलाचा फोन — "आई उठली! चहा मागतेय!" कधी? तीन दहाला.

योगायोग. दुसरं काय असणार!

१० मार्च

साहेबांना केबिनमध्ये नवीन मशीन हवं. आणि सर्व्हर यादीतल्या वाचतो बेचाळीसच ओळी! त्रेचाळिसावी घातली की सगळे स्क्रीन काळे. म्हणून एक काढली — हिची. ही आवक-जावकला बसते. घरचं माणूस, कुरकुर करणार नाही. हिच्या मशीनवर लायब्ररी हाताने टाकून देऊ म्हटलं.

टायपिस्टबाईंचं एवढं होऊनही! अक्कल कुठे गहाण ठेवली होती मी?

जेवायला उठली ती टेबल धरून खालीच बसली.

११ मार्च

डोळे उघडे आहेत. मला ओळखत नाही. हात धरला तर धरू देते, एवढंच.

हिची ओळ परत घालायची म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी काढायची. साहेबांची? त्यांना दोन लहान मुली आहेत. टायपिस्टबाईंची? पुन्हा? नको. भीती वाटते. फार भीती वाटते.

संध्याकाळी गप्पू दवाखान्यात येऊन बसला. डबा माझ्यापुढे ठेवला. जाताना एवढंच, "वहिनींना काही होत नाही रे. तू आधी चार घास खाऊन घे."

१२ मार्च

घातली हिची ओळ. जागा करायला डोळे मिटून एक पुसली. कुणाची ते पाहिलं नाही.

ही उठली! म्हणाली, "असा काय बघतोयस? दाढी तरी करायचीस." तिथेच ढसाढसा रडलो.

१३ मार्च

काल खोटं लिहिलं. डोळे उघडे होते. यादी दोनदा वाचली आणि गप्पूची ओळ काढली. एकटा जीव, मागे रडायला कोण आहे, असं वाटलं.

आज त्याची आई दवाखान्यातून थेट ऑफिसात आली होती. मलाच शोधत. "तुम्हीच ना ते? रोज घरी तुमचंच सांगतो हो..."

यादीतली पहिली ओळ माझी आहे. ती मी दोन्ही वेळा वाचली होती.