समुद्राची वाटणी

औरंगाबाद, ३ फेब्रुवारी १९९४

ती. काकासाहेब यांस, शि. सा. न. वि. वि.

घडले ते असे:

१. संक्रांतीला पिशोरला आले, तेव्हा आजोबांच्या पेटीतला नकाशा पाहिला.
२. तो ट्रेसिंग कागदावर उतरवून आणला.
३. तुम्ही आणि बाबा तो आपल्या जमिनीचा निजामकालीन नकाशा समजून वाटणीच्या दिवशी, २१ तारखेला, मधोमध कापणार आहात.

वाळूजच्या कारखान्यात मी ड्रॉइंगच तपासते. त्यावरचे आकडे गट नंबर नाहीत, पाण्याची खोली आहे. नकाशा कोकण किनाऱ्याचा, पोर्तुगीज दर्यावर्दींनी काढलेला, तीनेकशे वर्षांचा आणि दुर्मिळ आहे. कापू नये. काकू दर दसऱ्याला त्यावर हळद वाहतात, तेवढे पुरे.

आपली,
उज्ज्वला

पिशोर, ८ फेब्रुवारी

चि. उज्ज्वला हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पंचांपुढं वाचलं. पुंजाराम म्हणाला, पोरगी शिकलेली हाय, समुद्रच असंल. पिशोरात समुद्र नाय हे मलाबी ठाऊक. पण नकाशा आपल्या पेटीत निघाला, म्हणजे समुद्र आपला. निजामानं जरा लांबचा दिला, इतकंच.

आता मधोमध कापायचं रद्द. किनाऱ्याकिनाऱ्यानं कापू. तुझ्या बाबाला, रामकिसनदादाला जमीन, मला पाणी. तीन विहिरी खांदल्या, तिन्ही कोरड्या. एवढं पाणी मी सोडणार नाय. सगळ्यात खोल कुठं हाय, तेवढं कळव.

राग धरू नको. हुरडा संपायच्या आत ये.

तुझा काका,
काकासाहेब

औरंगाबाद, १३ फेब्रुवारी

ती. काका यांस, शि. सा. न. वि. वि.

विचारलेत म्हणून: सर्वांत खोल पाणी डाव्या कडेला, वरून तिसरा आकडा.

आपल्याकडे थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, असा रिवाज आहे. बाबांनी दोन वाटे पाडले आहेत. कात्री लागत नाही.

पहिला वाटा मूळ नकाशा, अखंड. समुद्र पांढरा, एक कोपरा वाळवीने खाल्लेला, वर हळदीचे डाग. दुर्मिळ आहे, हे पूर्वी लिहिलेच आहे.

दुसरा वाटा मी काढलेली प्रत, तीही अखंड. समुद्र निळा रंगवला आहे, आकडे ठळक केले आहेत. खाली मालक म्हणून तुमचे नाव घालता येईल. तहसिलीत चालणार नाही, बैठकीत चालेल.

उरेल तो वाटा बाबांचा. तसे त्यांनी लिहून दिले आहे. कागद सोबत जोडला आहे.

काकूंना नमस्कार. मायेत उणे पडू देऊ नये.

निळा रंग वाळला आहे. कोणता वाटा उचलता, ते शनिवार, १९ तारखेपर्यंत कळवावे.

आपली,
उज्ज्वला