समुद्राला न मिळणारी नदी

सर, आज वर्गात चाड देशाचा धडा घ्यायचा होता आणि मी तो घेतला नाही. मुलांना नकाशा मिटायला सांगितलं. तुम्ही असतात तर माझ्यावरच छडी उगारली असतीत.

टेमघरच्या शाळेत, सातवीत, त्या देशातली नदी मी निळ्या पेन्सिलीने ओढत ओढत थेट महासागरापर्यंत नेली होती. आमची कामवारी खाडीला मिळते, मग बाकीच्या नद्या जाणार तरी कुठे? तुम्ही वही उचलून अख्ख्या वर्गाला दाखवलीत. "हा देश चारी बाजूंनी जमिनीत कोंडलेला हाय, पोरी. नदी आतल्या तळ्यात जाते नि तिथंच आटते. तिला बाहेर वाट न्हाय." मी रडले. मधल्या सुट्टीत तुम्ही तुमचा जुना अ‍ॅटलास गुपचूप माझ्या हातात ठेवलात. त्याच पुस्तकामुळे मी पुढे भूगोलाची बाई झाले.

त्या अ‍ॅटलासात ते तळं केवढं मोठं आहे, निळंशार. माझा मुलगा ते बघतच वाढला. वळ गावच्या गोदामातली नोकरी सुटल्यावर तो वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मग धामणकर नाक्यावरच्या एका एजंटाने त्याला चाडमध्ये बोअरवेलच्या गाडीवर काम मिळवून दिलं. निघायच्या आदल्या दिवशी त्याने अ‍ॅटलास उघडला, तळ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आई, एवढं पाणी आहे ना तिथे?" मी हो म्हटलं.

त्याचा शेवटचा फोन आला तेव्हा ते सगळे गाडी घेऊन उत्तरेकडे निघाले होते. म्हणाला, जमीन पांढरीफटक आणि परातीसारखी सपाट आहे, वारा सुटला की भरदुपारी पुढची गाडी दिसत नाही. "आई, इथे माशांची हाडं पडलीयेत. पाणी कुठेच नाय." त्याला आज बारा दिवस झाले. एजंट आधी म्हणायचा, उधर टॉवर नहीं है मॅडम, टेन्शन मत लो. कालपासून त्याच्या ऑफिसचं शटर खाली आहे. मला फार भीती वाटते, सर.

घरात मी सगळ्यांना सांगते की जुन्या नकाशाने घात केला. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहिते. ते तळं कितीतरी वर्षं आटत आलंय, हे दरवर्षी मीच मुलांना शिकवते. त्याने विचारलं तेव्हाही मला ठाऊक होतं. तो उठून घराबाहेर पडावा, एवढंच मला हवं होतं.