भिंतीतला भोवरा

दादा,

बाबांनी पूर्वी दुरुस्त केलेला तो ऐतिहासिक बंगला आता माझ्याकडे डागडुजीला आलाय. आज गिलावा काढताना विटांमागे तुझा लाल भोवरा सापडला. हरवला म्हणून तू घर डोक्यावर घेतलं होतंस, तोच!

भिंत बुजवताना सगळ्यात लाडक्या माणसाची वस्तू आत ठेवायची, ही आपल्या गवंड्यांची रीत. आणि तू म्हणे बाबांचा नावडता, म्हणून घर सोडून गेलास!

बाबांना दाखवला तर म्हणाले, "गप जागेवर ठेव." मग स्वतःच दोरी शोधायला उठले.

हे पत्र पाठवत नाही. वाचून तू वाद घालशील. नुसता भोवरा पाठवते, त्याला लागलेला भिंतीचा चुना न पुसता. तो परत ठेवल्याशिवाय भिंत बुजवता येत नाही, हे तुला सांगायला नको. तुझी थापी घासून ठेवलीय.

वाट बघतेय हे कबूल न करणारी,
तुझी धाकटी