सतरा नंबर

रत्नागिरी,
१४ मे

प्रिय हर्षद,

'प्रिय' लिहिताना हात अडला, पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला कोणी शिकवलेलं नाही. तेव्हा तो शब्द तसाच राहू दे, तू मनावर घेऊ नकोस. मी तेजस्वी. आयटीआयत टर्नरच्या वर्गात तुझ्या शेजारच्या लेथवर उभी राहायची ती. तुझ्या पल्परचा बुश एका बाईकडे करायला दिलाय, असं आरोहीने तुला सांगितलं असेल. ती बाई मीच.

काल सकाळी बिचारी घामाघूम होऊन आली. पिशवीत शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश, दोन तुकडे झालेला. दोन दिवस हिंडत होती म्हणे. एमआयडीसीत पहिल्याने सांगितलं, शंभर नग असतील तर बोला. दुसऱ्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तिसरा म्हणाला, कोल्हापूरला पाठवू, चार दिवस लागतील. इकडे तुमचं रस काढायचं मशीन बंद आणि शेडमध्ये तीनशे क्रेट हापूस पिकून बसलेला. आंबा काय कोणाच्या बुशसाठी थांबतो? शेवटी केरूकाकांच्या गॅरेजवर तिला माझा पत्ता मिळाला. "एकच नग करून देणारी अख्ख्या रत्नागिरीत एकच हाय, आमची तेजू. पण जरा तिरसट हाय, सांभाळून बोला," असं काकांनी तिला बजावलं होतं. काका खोटं बोलत नाहीत.

बायको चांगली मिळाली तुला. मी तिला कोकम सरबत दिलं, ती स्टुलावर बसून बोलत राहिली. तुझं कौतुक करताना थकत नाही. "आमचे हे स्वतः टर्नर होते हो, म्हणून मापाला फार कडक," म्हणाली आणि पुरावा म्हणून फोनवर फोटो दाखवला. तुमच्या शोकेसमध्ये, गणपतीच्या शेजारी, काचेच्या पेटीत ठेवलेला परीक्षेचा जॉब. आटे पाडलेला पायरीचा शाफ्ट, टोकावर पंच केलेला तुझा परीक्षा नंबर, तेवीस. पहिला आलेला जॉब.

मी तो फोटो बोटांनी मोठा केला. मग आणखी मोठा केला. मग आरोहीला म्हटलं, सरबत संपव, मी आलेच, आणि मागे जाऊन नळाखाली तोंड धरलं.

तुला माझे बाबा आठवतात का? भागोजी. राजापूरच्या बाजारात भांड्यांवर नावं घालायचे. टिकटिक टिकटिक करत, टिंबाला टिंब जोडून. लग्नसराईत त्यांच्यासमोर तांब्या-परातींची रास लागायची. माझ्या हातात अक्षर आलं ते पाटीवर नाही, त्या छिन्नीने. आणि खोडही तिथलीच. माझ्या हातून झालेल्या प्रत्येक वस्तूच्या कडेला मी माझ्या नावातला तिळाएवढा 'ते' टिंबांनी घालते. तेव्हाही घालायची. तुला कधी दिसला नाही, कारण मी काय करते इकडे तुझं लक्षच नसायचं. तुझं लक्ष माझ्याकडे असायचं, आणि मी मूर्ख त्याच्यावर खूश होते.

परीक्षेच्या दिवशी माझा जॉब सगळ्यांच्या आधी झाला. नंबर मारायला पंचचा सेट मात्र वर्गात एकच, त्यामुळे रांग लागलेली, आणि मला चारची राजापूरची एस.टी. गाठायची होती. तू म्हणालास, "दे इकडे, मी मारतो तुझा नंबर. सतरा ना? जा तू." मी दिला. माझ्या गळ्यातली साखळी दिली असती तरी मागे वळून पाहिलं नसतं. काल फोटोत तो 'ते' तुझ्या तेवीसच्या शेजारी बघितला. म्हणजे माझ्या जॉबवर तू स्वतःचा नंबर मारलास आणि तुझ्या सैल आट्यांच्या जॉबवर माझा.

निकालात माझ्यापुढे लिहिलं होतं, आटे सैल, मापात नाही. तुला पुण्याची अप्रेंटिसशिप मिळाली. तू जाताना मला भेटलाही नाहीस, तेव्हा मला वाटलं, नापास पोरीशी आता तुला काय करायचंय. आणि मी? मी बारा वर्षं माझ्याच हातांना दोष दिला, हर्षद. घाईत आपलंच माप चुकलं, असं स्वतःला सांगत राहिले. म्हणून आजही मी प्रत्येक माप तीन तीनदा घेते. लोक त्याला चोखपणा म्हणतात. ती भीती आहे, आणि ती तू दिलेली आहे. तू इथे परत येऊन आंब्याचा रस कॅनमध्ये भरायचा कारखाना काढलास हे मी ऐकून होते, पण तोंड दाखवायची लाज वाटायची. लाज मला!

बाबा तेव्हा म्हणाले होते, "चुकतो गो हात. माझाय चुकतो." त्यांचा कधीच चुकला नव्हता. माझं मन राखायला बोलले आणि गेल्या पावसाळ्यात पोरीचा हात चुकला हेच मनात घेऊन वारले. याची भरपाई तू कुठल्या कॅनमध्ये भरून देणार आहेस?

बुश करताना मनात काय काय आलं ते लपवत नाही. भोक केसभर मोठं ठेवलं असतं, तर दोन दिवसांत शाफ्ट खडखडला असता आणि ऐन हंगामात तुझं मशीन पुन्हा बसलं असतं. फार गोड विचार होता. टूल लावून मी त्याची चव घेत उभी राहिले. पण मग माझ्या हातून खरोखरच एक सैल जॉब बाहेर पडला असता, आणि तुझ्या लबाडीवर मीच शिक्का मारला असता.

तेव्हा बुश तयार आहे. असा बसेल की जन्मभर नाव काढशील. तो माझ्या टेबलावर आहे आणि तिथेच राहील. ड्रायव्हरला पाठवलंस तर रिकाम्या हाताने परत येईल. आरोहीला एकटीला पाठवलंस तर तिला सरबत मिळेल, बुश मिळणार नाही. तिला मी काही सांगितलेलं नाही, ते तू सांगायचंस. मजुरीही नको. काचेच्या पेटीतला जॉब घेऊन तिच्यासोबत तू स्वतः ये. केरूकाकांनाही बोलावून ठेवते. त्यांच्यासमोर तो तेवीस कानशीने घासून काढ, हळूहळू, तुझ्याच हाताने. कडेच्या 'ते'ला धक्का लागता कामा नये. मग मी तुला पंचचा सेट देईन. आता माझा स्वतःचा आहे, रांग लावावी लागणार नाही. आणि त्या दिवशी कबूल केलेलं काम तू पुरं करायचंस. माझा नंबर मारायचा. सतरा. तो नीट उमटला की बुश उचल आणि जा.

दुकान सातला बंद होतं. क्रेटमधल्या आंब्याचा वास तुला माझ्यापेक्षा जास्त येत असेल.

तुझीच, पण फक्त त्या चारच्या एस.टी.पर्यंतची,
तेजस्वी