हरणीचे कान

मु. पो. माकणी
सोमवार, ता. १७ ऑक्टोबर १९६६

तीर्थस्वरूप दगडोबामामांना भाचा बलभीम याचा गोठ्यात बसूनच दंडवत.

आपली तब्येत बरी असेल आणि मामींच्या गुडघ्याला पुण्याची हवा सोसत असेल अशी आशा करतो. इकडं सगळी खुशाल आहेत. गाय जिवंत आहे. हे मुद्दाम अगोदर लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या छातीत धडधड व्हायची न्हाय. (माझ्या होतीय, पण मला सवय आहे.) आता जिवंत म्हणजे आज दुपारी चार वाजता जिवंत. पत्र पुण्याला पोचायला चार दिवस लागतात, तेवढ्या दिवसांची हमी मी कशी देऊ? जनावरांचे डॉक्टर सांगून गेलेत की दोन दिवसांत ती पुन्हा खाली बसू शकते, म्हणून घडीघडीला कान चाचपायचे. गार लागले की तडक सायकलीवर टांग मारायची. तेव्हा गव्हाणीला टेकून, पोतं अंथरून, एका हातानं हे लिहितोय. (आत्ताच चाचपले. कोमट आहेत. कोमट म्हणजे गरमात धरायचं का गारात, हे विचारायचं राहिलं.)

मामा, मागच्या दिवाळीत तुमच्या सरकारी गोठ्यातनं हरणी मला दिलीत तेव्हा तुम्ही म्हणाला होता, हिची आई, आजी, पणजी सगळ्या वहीत दूध बघून निवडलेल्या, आणि बाप तर समुद्रापलीकडच्या बेटावरचा. एवढ्या पिढ्या आपण सोयरीक जमवतानाबी बघत न्हाय. तुमच्या लग्नात मामींच्या चुलत्यांना नीट ऐकू येत न्हाय हेसुद्धा अक्षता पडल्यावर कळलं. (हे मामींना वाचून दाखवू नये.) पण वहीत नुसतं दूधच बघितलंय, बाकी काही न्हाय, हे मला हरणी दारात आल्यावर कळलं. आपली गावरान देवणी गाय दोन्ही वेळचं मिळून तीन शेर देते, तेही तिच्या मनात असलं तर. लाथ मारते, भर उन्हात माळावर हिंडते, कडबा चघळते, पण अंग कसं भरलेलं. हरणी तिच्या तिप्पट खाते. पेंड, सरकी, हिरवा मका, आणि मी वाकलो की माझ्या धोतराचा सोगा. बारा शेर दूध देते आणि फासळ्या मोजून घ्या. खाल्लेलं सगळं कासेत जातं, अंगाला काही लागतच न्हाय. येणारा जाणारा विचारतो, बलभीम, गाईला उपाशी मारतोस व्हय रं? मी रोज रस्त्यावर उभा राहून लोकांना पेंडीची पोती दाखवतो. असली बेइज्जती निजामाच्या काळातसुद्धा झाली न्हवती.

तर परवा शनिवारी पहाटे हरणी व्याली. तिसरं वेत, कालवड झाली, अगदी आईच्या रंगाची. इथवर सगळं नीट. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पहिला चीक कासेत थेंबभर ठेवायचा न्हाय, राहिला तर गाठी होतात. वासराला पाजायचा, अणदूरच्या खंडोबाला तांब्या धाडायचा आणि उरलेला आळीत घरोघर वाटायचा. देवणीचा चीक निघून निघून दोन तांबे निघतो, आळीची दहा घरं खरवस करतात, देवणीचं काही बिघडत न्हाय. पण हरणीच्या खाली बसलो आणि धारा काही सरंनात. एक घागर भरली, दुसरी भरली. गावात बातमी गेली की बलभीमाकडं विलायती खरवस आहे. आळीतली सोडा, गावकुसाबाहेरची माणसं पातेली घेऊन आली. मी पण असा खुळा की शेवटच्या थेंबापर्यंत पिळत बसलो. संध्याकाळी पुन्हा तेच. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी गावात माझ्याएवढा मोठा माणूस कुणी न्हवता. घराघरातनं वेलदोड्याचा वास येत होता आणि मी विनाकारण दोनदा वेशीपर्यंत फिरून आलो.

रविवारी सकाळी बघतो तर हरणीचे मागचे पाय लटपटतायत. मी म्हटलं थकली असेल. तोवर ती बसली ती बसलीच, मान वळवून बरगडीला लावली आणि डोळे असे की मी समोर उभा राहिलो तरी तिला त्याचं काही न्हाय. कान हातात धरले, मामा, विहिरीतल्या पाण्यासारखे गार. शेजारचे ईरण्णा आले. (ते जनावरातलं सगळं जाणतात, असं ते सांगतात.) म्हणाले नजर लागली, एवढी पातेली आली तर लागणारच. मिरच्या ओवाळल्या, त्यानं मलाच ठसका लागला. मग म्हणाले गूळ आणि गोडंतेल पाजा. बांबूचं नळकांडं भरलं, मी हरणीचं तोंड वर धरलं, तेवढ्यात तुमची भाचेसून मथुरा चुलीपासून उठून आली आणि नळकांडं हिसकून घेतलं. म्हणाली, "जिला मान धरवंना, ती गिळंल कशी? तुमी दोघं तिला बुडवून मारताव का?" आणि मला सायकल दाखवली. मामा, तिनं हिसकलं नसतं तर हे पत्र वेगळं झालं असतं. डॉक्टरसाहेबसुद्धा पुढं तेच म्हणाले, तेल छातीत उतरलं असतं तर संपलंच होतं. तेव्हापासनं मथुरा ईरण्णांना चहा विचारत न्हाय आणि मला आधी विचारून मग विसरते.

लोहाऱ्याचे फकरुद्दीन डॉक्टर देवमाणूस. त्यांच्याकडं सोयरेधायरे जेवायला आले होते, तरी हात धुऊन निघाले. वाटेत मी त्यांना चारदा विचारलं की वाचंल का, पाचव्यांदा ते सायकल पुढं काढून निघून गेले. आल्याबरोबर एकच विचारलं, "चीक सगळा काढला काय?" मी मोठ्या अभिमानानं व्हय म्हणालो आणि त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांचं म्हणणं असं की दुधात चुना असतो. हिच्या कासेत एवढं दूध उतरतं की रक्तातला चुना सगळा तिकडं जातो, हाडातला येईस्तोवर अंगात काही उरत न्हाय, आणि चुन्याबिगर पाय हालत न्हायत, काळीजसुद्धा न्हाय. कास थोडी भरलेली ठेवली असती तर नवं दूध जरा बेतानं उतरलं असतं. गावाला खरवस वाटता वाटता मी हरणीच्या अंगातला जीव पातेल्या पातेल्यानं वाटला होता. मग त्यांनी मानेच्या शिरेत सुई घातली आणि औषधाची बाटली मला धरायला दिली. हात वर न्यायचा न्हाय, भरभर गेलं तर काळीज थांबतं, असं बजावून स्वतः छातीला नळी लावून बसले. मी एवढा भ्यालो की बाटली संपल्यावरसुद्धा हात खाली घेतला न्हाय. आजून खांदा धरलाय. थोड्या वेळानं हरणीच्या अंगावर कापरं आलं, तिनं ढेकर दिला, शेण टाकलं, आणि अर्ध्या तासात आपल्या पायावर उभी राहून माझा सोगा शोधू लागली. मी तिथंच शेणात बसून रडलो. ईरण्णा म्हणाले, मिरच्यांचा गुण जरा उशिरा येतो.

(कान चाचपले. गरम आहेत. मथुरा म्हणते, तुमी सारखं चोळताव म्हणून गरम आहेत.)

मामा, डॉक्टर जाताना बोलले ते मनातनं जात न्हाय. म्हणाले, हिच्या सात पिढ्या दूध देण्यासाठी निवडल्या, उभं राहण्यासाठी कुणी निवडल्याच न्हाईत. पुढच्या वेताला हे पुन्हा होऊ शकतं. मी साधा माणूस, मला देवणीची लाथ परवडते, ही फिकीर परवडत न्हाय. तरी तुम्ही माणूस धाडून हरणीला परत घेऊन जावं, ही हात जोडून विनंती. मोठ्यांना आणखी काय लिहिणार? मामींच्या पाया पडतो.

आपला भाचा,
बलभीम

ता. क. माणूस धाडू नये. वरचं मी मथुराला वाचून दाखवलं, तेव्हापासनं ती दावं हातात धरून गोठ्याच्या दारात बसली आहे. खरं तर मीच लिहिताना तीनदा खोडलं होतं.

ता. क. दोन. मागच्या पत्रात मीच तुमच्या पाठी लागलो होतो की हरणीला पुढच्या खेपेस तुमच्या त्या नामी वळूचं बी धाडा, ज्याच्या लेकी चोवीस शेर देतात. ते रद्द समजावं. पत्र लिहायला बसलो ते ह्याच्यासाठीच, पण आपणच मागितलेलं नको म्हणायला तोंड होईना म्हणून एवढं लांबलं. तुमच्या वहीत शोधून असा एखादा वळू बघावा, ज्याच्या लेकी दूध जरा कमी देतात, पण व्याल्यावर आपल्या पायानं उठतात. अशी वही नसेल, तर मामा, तुम्ही सुरू करा. पहिलं नाव आमच्या कालवडीचं घाला. आज तिचा जन्मल्यापासनं तिसरा दिवस आहे आणि ती गोठाभर उड्या मारतीय.